सुई निघाली, दुखणे राहिले

आश्विन महिना लागला की तामलवाडीतील माझ्या दवाखान्याच्या बाकावरील गर्दीचा चेहरा बदलतो. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांच्या तळपायांचे फोड, सोयाबीनच्या काढणीत विळ्याने कापलेली बोटे, पावसाळा सरता सरता येणारे डेंग्यूचे ताप आणि जुलाब, असे सगळे एकदमच येते. या गर्दीत दर वर्षी आणखी काही मंडळी असतात. त्यांचा मूळ आजार बरा झालेला असतो. सोलापूरच्या एखाद्या रुग्णालयात चार-पाच दिवस काढून, कागदपत्रांची पिशवी सांभाळत ती घरी परतलेली असतात. तक्रार एकच असते: ताप गेला, भूक लागू लागली, पण ज्या हाताला सलाईन होते तो हात अजून दुखतो आहे.

अशाच एक ताई मागच्या हंगामात आल्या. वय पंचेचाळिशीचे, डेंग्यूतून उठलेल्या. उजव्या हाताची बाही वर करून त्यांनी मनगटापासून कोपराकडे गेलेली एक तांबूस रेघ मला दाखवली. बोटाखाली ती शीर सुतळीसारखी टणक लागत होती.

"डॉक्टर, सुई काढून दहा दिस झालं, तरीबी हात ठणकतोय. सुईचा तुकडा आतच ऱ्हायला न्हाई ना?" त्यांनी विचारले. पाठोपाठ दुसरा प्रश्न आला, आणि तो अधिक काळजीचा होता: "रान काढायला आलंय. ह्या हातानं विळा धरता येईल का न्हाई?"

वाचकहो, हे दोन्ही प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेले आहेत की या वेळचे पान त्यांनाच द्यावे असे वाटले. सलाईनची सुई काढल्यानंतर हात दुखत राहणे ही अगदी नेहमीची तक्रार आहे. बहुतेकांना त्यासाठी घाबरण्याचे कारण नसते. काही थोड्यांना मात्र त्याच दुखण्याकडे दुर्लक्ष केल्याने पुन्हा रुग्णालय गाठावे लागते. या दोन गटांतला फरक घरच्या माणसांना ओळखता यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आत नक्की काय ठेवलेले असते?

प्रथम तुकड्याच्या शंकेचे निरसन करू. आपण जिला 'सलाईनची सुई' म्हणतो ती हातात राहणारी वस्तू सुई नसतेच. कॅन्युला ही मऊ प्लास्टिकची बारीक नळी असते, आणि तिच्या आत धातूची सुई बसवलेली असते. शिरेत प्रवेश मिळाला की परिचारिका धातूची सुई लगेच मागे ओढून काढते व टाकून देते. शिरेत राहते ती केवळ प्लास्टिकची नळी. तिच्या टोकाच्या बुचाचा रंग तिची जाडी सांगतो. निळी बारीक, गुलाबी तिच्याहून जाड, हिरवी आणखी जाड. लहान मुलांसाठी पिवळी वापरतात. निळ्या नळीची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या अर्ध्याहूनही कमी असते.

पूर्वी धातूची सुईच हातात ठेवली जाई, आणि रुग्णाने हात जरा हलवला तरी ती शिरेतून बाहेर जाई. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉक्टर डेव्हिड मासा यांनी १९५० मध्ये सुईवर चढवलेल्या प्लास्टिक नळीची कल्पना प्रत्यक्षात आणली. आज कोणत्याही रुग्णालयात दाखल झालेल्या बहुतेक रुग्णांच्या हाताला त्याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती लावलेली असते.

ही नळी तुटून आत राहणे शक्य आहे का? शक्य आहे, पण अतिशय विरळा. एकदा मागे घेतलेली सुई पुन्हा नळीत घालण्याचा प्रयत्न झाला तर नळी कापली जाऊ शकते, म्हणून तसे करण्यास सक्त मनाई असते. नळी काढल्यावर ती टोकापर्यंत अखंड आहे ना, हे पाहणे हा परिचारिकेच्या कामाचाच भाग आहे. आपणही तेथे असाल तर तिला नम्रपणे "ताई, पूर्ण निघाली ना?" असे विचारण्यास काहीच हरकत नाही. खरोखर शंका असेल तर सोनोग्राफीने तिचा उलगडा होतो. दुखणाऱ्या, टणक झालेल्या शिरेत बोटाला लागते ते मात्र जवळजवळ नेहमीच गोठलेले रक्त असते, तुकडा नव्हे.

शीर का रुसते?

शिरेची आतली बाजू अत्यंत गुळगुळीत असते. पेशींच्या एका पातळ अस्तरामुळे रक्त तिथे न गोठता वाहत राहते. या अस्तराला इजा झाली की शीर लाल होते, सुजते, दुखते, आणि इजा झालेल्या जागी रक्ताची बारीक गुठळी धरते. यालाच आम्ही शिरेचा दाह म्हणतो. इजा होण्याची कारणे तीन.

पहिले कारण घर्षण. शिरेच्या मानाने नळी जाड असली, किंवा ती मनगट, कोपर अशा वाकणाऱ्या सांध्यावर लावलेली असली, तर हात हलेल तसे तिचे टोक आतल्या अस्तरावर घासत राहते. घट्ट न बसवलेली, चिकटपट्टी सुटून वरखाली होणारी नळी तर अधिकच त्रास देते.

दुसरे कारण औषध. रक्ताचा आम्ल-अल्कतेचा निर्देशांक ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असतो. शिरेतून दिली जाणारी काही औषधे या पट्ट्यापासून फार दूरची असतात. फिट थांबवण्यासाठी दिले जाणारे फेनिटॉइन हे १२ च्या आसपास, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असते. गंभीर जंतुसंसर्गात दिले जाणारे व्हॅन्कोमायसिन आम्लधर्मी असते. साखर एकदम उतरल्यावर दिले जाणारे २५ टक्क्यांचे ग्लुकोज रक्ताच्या सुमारे चौपट संहत असते. पोटॅशियमचे इंजेक्शन सलाईनमध्ये पातळ करून दिले तरी पुष्कळांना झोंबते. ही सारी औषधे प्राण वाचवणारी आहेत आणि ती द्यावीच लागतात. पण बारीक शिरेतून वारंवार गेल्यावर शीर त्याची किंमत मोजते.

तिसरे कारण जंतू. आपल्या त्वचेवर नेहमीच वस्तीला असलेले जंतू नळीच्या कडेने आत उतरू शकतात. नळी लावताना हात स्वच्छ धुतलेले नसणे, वरची पट्टी भिजणे, मळणे, सुटणे, नळी गरजेहून अधिक दिवस राहणे, यांमुळे त्यांना वाट मिळते. तीन कारणांतील हेच खरे धोक्याचे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दाह नळी आत असतानाच सुरू होतो असे नाही. पुष्कळदा नळी काढल्यानंतर एक-दोन दिवसांनी, क्वचित त्याहून उशिरा तो प्रकट होतो. त्यामुळे "दवाखान्यातून निघताना हात चांगला होता, घरी आल्यावर सुजला" हे रुग्णाचे म्हणणे खोटे नसते.

बरे व्हायला किती दिवस?

साध्या दाहात लाली, गरमपणा आणि ठणका एक ते दोन आठवड्यांत उतरणीला लागतो. टणक दोरी मात्र चिवट असते. ती विरघळायला अनेक आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. कित्येकांच्या त्वचेवर शिरेच्या वाटेने तपकिरी डाग राहतो आणि तो सावकाश फिका होतो. कधी ती शीर कायमची मिटते. त्याने हाताचे काही बिघडत नाही. हातात शिरांचे जाळे असते, रक्त शेजारच्या वाटेने परत जाते.

म्हणून दिवस मोजण्यापेक्षा दिशा पाहावी. कालच्यापेक्षा आज थोडे कमी दुखत असेल, लाली आक्रसत असेल, तर दहा काय, वीस दिवस झाले तरी चिंता नको. कालच्यापेक्षा आज अधिक दुखत असेल तर तिसऱ्या दिवशीसुद्धा दाखवायला यावे.

"ही गुठळी हृदयात जाईल का?" हा प्रश्न विचारताना अनेकांचा आवाज कापतो. त्वचेलगतच्या शिरेतील लहान गुठळी सहसा जागीच चिकटून राहते व तिथेच विरते. धोका असतो तो खोल शिरेतील गुठळीचा. तिची लक्षणे वेगळी असतात, ती पुढे सांगतो.

घरी काय करावे

कोमट शेक हा साधा आणि गुणकारी उपाय आहे. स्वच्छ कापड कोमट पाण्यात बुडवून, पिळून, पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा शिरेवर ठेवावे. पाणी किती गरम आहे हे आधी दुसऱ्या हाताने पाहावे. मधुमेहामुळे ज्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी गरम पाण्याची रबरी पिशवी थेट लावू नये, भाजल्याचे कळत नाही. सुईच्या छिद्रातून पाणी किंवा पू येत असेल तर शेकत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

बसताना, झोपताना हात दोन उशांवर, छातीच्या पातळीहून वर ठेवावा. दर तासाला दहा-वीस वेळा मूठ मिटावी, उघडावी, कोपर वाकवून सरळ करावे. दुखते म्हणून हात गळ्यात बांधून आठवडाभर निश्चल ठेवणाऱ्यांचा सांधा आखडतो आणि दुखणे लांबते. हलकी कामे चालू ठेवावीत. पाण्याची घागर, पोते, नांगर-औत असले भार ठणका उतरेपर्यंत टाळावेत.

डायक्लोफेनॅकचे जेल किंवा हेपरिन असलेले मलम शिरेवर हलक्या हाताने लावल्याने बऱ्याच जणांना आराम पडतो. उघड्या जखमेवर ते लावू नये. पोटात घेण्यासाठी पॅरासिटामॉल बहुतेकांना पुरते. येथे एक इशारा देणे मला अगत्याचे वाटते. डेंग्यूतून नुकतेच उठलेल्या माणसाने हातदुखीसाठी दुकानातून अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी आणून घेऊ नये. प्लेटलेट पूर्ववत झाल्याची खात्री होईपर्यंत या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंडाचा किंवा जठरातील व्रणाचा त्रास असणाऱ्यांनीही त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

काय करू नये

आपल्याकडे दुखऱ्या हातावर सर्वांत आधी तेल येते आणि मग अंगठ्याने शीर 'मोकळी' करण्याचा प्रयत्न होतो. असे जोराने चोळणे पूर्णपणे टाळावे. दाह झालेल्या शिरेला त्याने आणखी इजा होते, आणि आत जंतू असतील तर ते पसरण्यास मदत होते. बिब्बा, चुना-गूळ, तापवलेल्या विळ्याचा डाग यांनी त्वचा भाजते व जंतूंना नवे दार उघडते. शीर टणक लागते म्हणून तिला टाचणीने टोचणाऱ्यांनाही मी पाहिले आहे. आणि पूर्वीच्या कोणत्या तरी आजारातील उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या 'असू द्याव्यात' म्हणून घेणे हे तर व्यर्थच. साध्या दाहाला प्रतिजैविक लागत नाही. जंतुसंसर्गाला ते लागते, पण दोन गोळ्यांनी भागत नाही.

माझी एक चूक

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. साठी उलटलेले, मधुमेह असलेले एक शेतकरी गृहस्थ संध्याकाळच्या गर्दीत दारातूनच म्हणाले, "डॉक्टर, सलाईनचा हात दुखतोय." मी मान वर न करता सांगितले, "शेकवा, उतरेल." मी त्यांची बाही वर केली नाही, हात लावून पाहिला नाही, अंगात ताप आहे का हे विचारले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला तेव्हा ते थंडीने कुडकुडत होते. सुईच्या जागेतून पू येत होता, लाली कोपराच्या वर गेली होती आणि साखर चारशेच्या पुढे होती. सोलापूरला नेऊन शीर उघडून पू काढावा लागला. शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली, आणि तीही दुसऱ्या हाताला तशीच नळी लावून. ते वाचले, पण दोन महिने त्यांचे रान दुसऱ्याने पाहिले.

त्यांनी मला कधी दोष दिला नाही. मी मात्र त्या दिवसापासून सलाईनच्या हाताची तक्रार कुणीही केली तरी बाही वर करायला सांगतो, शिरेवरून बोट फिरवतो आणि तापमान पाहतो. या तपासणीला एक मिनिट लागते. आपणही डॉक्टरांकडे गेल्यावर नुसते सांगून थांबू नका, हात पुढे करून दाखवा.

कोणत्या लक्षणांत लगेच यावे

पुढीलपैकी एकही गोष्ट आढळली तर सकाळची वाट पाहू नये:

- थंडी वाजून ताप येणे, किंवा सुईच्या जागेतून पू येणे.
- लाली वेगाने वर सरकणे. पेनाने तिच्या कडेवर खूण करून ठेवावी. काही तासांत लाली खुणेबाहेर गेली तर निघावे.
- केवळ शिरेवर नव्हे, तर संपूर्ण हाताला किंवा दंडाला सूज येणे, हात जड व निळसर होणे. ही खोल शिरेतील गुठळीची लक्षणे असू शकतात. दंडातून छातीपर्यंत नेलेली लांब नळी ज्यांना होती, कर्करोगाचे उपचार ज्यांचे चालू आहेत, त्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. यासाठी डॉप्लर सोनोग्राफी करावी लागते.
- हातदुखीसोबत अचानक दम लागणे किंवा छातीत दुखणे.
- बोटे पांढरी, गार पडणे.
- सुईच्या जागची त्वचा काळसर होणे, फोड येणे, सोलणे. काही औषधे शिरेबाहेर झिरपली तर भोवतालचे मांस जाळतात.

मधुमेही, वृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी साधी वाटणारी लालीही एकदा दाखवून घ्यावी. टणक दोरी काखेच्या दिशेने वर वर चढत असेल तर तीही.

एक वेगळ्या जातीचे दुखणे राहिले. सुई टोचतानाच विजेचा झटका बसल्यासारखी कळ गेली असेल आणि नंतर अंगठ्याच्या मागे, हाताच्या पाठीवर मुंग्या, बधिरपणा किंवा आग होत असेल, तर दुखावली आहे ती शीर नव्हे, मज्जातंतू. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला ठळक शीर सहज सापडते, पण तिच्या अगदी शेजारून एक संवेदनेचा मज्जातंतू जातो. अशी इजा बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येते. शेकाने मात्र तिला काही होत नाही, तिची औषधे निराळी आहेत. बोटांची पकड कमी झाली असेल तर विलंब करू नये.

रुग्णालयात असतानाच

वाचकहो, या हातदुखीवरील सर्वांत चांगला उपाय ती होण्याआधीचा आहे, आणि तो रुग्णाजवळ बसलेल्या नातेवाइकाच्या हाती आहे.

नळी लावताना सांगावे की रुग्ण कोणत्या हाताने काम करतो, म्हणजे शक्यतो दुसरा हात निवडता येईल. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात, आणि डायलिसिससाठी शिरा जोडलेला हात यांना सुई लावू देऊ नये. हे आपण आठवणीने बोलून दाखवावे. नळीवरील पट्टीवर तारीख व वेळ लिहिली आहे का ते पाहावे. औषध जाताना झोंबले, ठणकले, तर रुग्णाने सोसू नये, लगेच परिचारिकेला सांगावे. बारीक सोसणारी आपली माणसे "असू दे, होईल" म्हणतात, आणि तेवढ्यात शीर जाते.

ब्रिटनमधील परिचारक अँड्र्यू जॅक्सन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस नळीची जागा पाहून गुण देण्याची एक सोपी पद्धत रूढ केली. जागा निरोगी असेल तर शून्य. वेदना, लाली, सूज यांपैकी दोन दिसू लागली की दोन गुण, आणि नळी काढून दुसरीकडे लावायची. टणक दोरी लागली, ताप आला, तर चार आणि पाच. घरच्या माणसाला आकडे पाठ करण्याची गरज नाही. सकाळ-संध्याकाळ पारदर्शक पट्टीतून जागा पाहावी, आणि वेदना, लाली, सूज यांतील दोन गोष्टी एकत्र दिसल्या की सांगावे, इतके पुरे.

"तीन दिवस झाले, नळी बदलायला हवी ना?" असेही विचारले जाते. अनेक वर्षे ७२ ते ९६ तासांनी नळी बदलण्याची रीत होती. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. काहींची नळी दर तिसऱ्या दिवशी बदलली, काहींची केवळ कारण दिसले तेव्हा. दोन्ही गटांत शिरेच्या दाहाचे प्रमाण सारखेच, सात टक्के निघाले. अर्थात तिथे नळीची जागा काळजीपूर्वक पाहिली जात होती. जिथे रोज कुणी पाहतच नाही, तिथे तारखेचा नियम हाच आधार असतो. आपल्या रुग्णालयात जो नियम असेल तो पाळावा. पण रोज एक प्रश्न मात्र विचारावा: "आज या नळीची गरज आहे का?" तोंडाने औषध सुरू झाले, सलाईन बंद झाले, तरी 'लागली तर असू द्या' म्हणून राहिलेली नळी हे निष्कारण उघडे ठेवलेले दार आहे.

आपल्या भागातील एक प्रघात तर मला फार खटकतो. रोज एक इंजेक्शन घ्यायचे असते, म्हणून नळी तशीच पट्टीत गुंडाळून माणूस घरी जातो. मग त्याच हाताने म्हशीची धार काढतो, शेण उचलतो, आंघोळ करतो. पट्टी भिजते, मळते, आणि चौथ्या दिवशी हात लाल होतो. असे जाणे अटळच असेल तर पट्टी कोरडी राहील, हात मातीत जाणार नाही आणि नळी ठरल्या दिवशी निघेल, याची जबाबदारी घरातील एकाने घ्यावी. नाहीतर रोज नवी टोचणी परवडली.

आणि मुळात सलाईन हवेच होते का?

हा प्रश्न माझ्यासारख्या डॉक्टरांनाही अडचणीचा आहे. "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा" ही मागणी आमच्याकडे रोज होते, आणि ती नाकारली तर रुग्ण पुढच्या दवाखान्यात जातो. पण हिशोब पाहा. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच चमचे. नुसत्या मिठाच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी, उष्मांक शून्य. ज्वारीची एक भाकरी आणि वाटीभर वरण यांतून त्या बाटलीच्या दुपटीहून अधिक शक्ती मिळते, आणि त्यासाठी शिरेला भोक पाडावे लागत नाही. उलट्या थांबत नसताना, शुद्ध हरपलेली असताना, रक्तदाब उतरला असताना, तीव्र जुलाबांनी शरीर सुकले असताना सलाईन प्राण वाचवते. तिथे एक क्षणही संकोच करू नये. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्याला मात्र जलसंजीवनीचे पाकीट बहुधा पुरेसे असते. बाटली मागण्यापूर्वी "तोंडाने भागेल का?" असे डॉक्टरांना विचारावे. आम्हा डॉक्टरांनाही 'नको' म्हणण्यास त्यामुळे बळ मिळते.

आता त्या ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. त्यांना ताप नव्हता, लाली उतरणीला होती, बोटांत ताकद होती, सूज शिरेपुरतीच होती. मी त्यांना शेक, उशी, मुठीचा व्यायाम आणि पॅरासिटामॉल सांगितले. आठवडाभर विळा धरू नये, पेंढ्या बांधण्याचे हलके काम करावे आणि लाली वाढली तर रात्रीही यावे, असेही सांगितले. काढणीचा आठवडा मजुरीवर जगणाऱ्या घराला किती मोलाचा असतो हे ठाऊक असल्याने तो सल्ला देताना मला संकोच वाटला. त्या तीन आठवड्यांनी पुन्हा आल्या, तेव्हा सुतळीचा दोरा झाला होता. दाबल्यावर थोडे दुखत होते, एवढेच. राशी मात्र त्यांनी शेवटच्या दोन दिवसांत स्वतः केली होती.

आपल्या घरातील कुणी नुकतेच रुग्णालयातून परतले असेल, तर आज त्याच्याजवळ बसून दोन्ही हातांच्या बाह्या वर करा. शिरेवरून हलकेच बोट फिरवा, दोन्ही हात शेजारी ठेवून सूज ताडून पाहा, कपाळाला हात लावा. हीच पाहणी आणखी तीन-चार दिवस करा. बहुधा काही सापडणार नाही. सापडलेच, तर ते वेळेवर सापडेल.